सर्वानुमते नऊ नंबर

"दहा," डॉक्टर म्हणाले. "मी सांगतो ना, दहा. गेली अठरा वर्षं माझेच बूट घालतोय तो."

"काहीतरीच काय, डॉक्टर! आठ," वकील म्हणाले. "मी दिलेला पांढरा जोड घालून तो वर्षभर पळाला. माझा पाय आठाचा. त्याचा दहाचा असता तर टाच बाहेर लोंबली नसती का?"

ठेकेदारांनी चहात बुडवलेलं बिस्किट पडता पडता वाचवलं आणि तोंडात टाकलं. ते गिळून होईपर्यंत दोघं थांबले. "नऊ," ठेकेदार म्हणाले. "मी स्वतः विचारलं होतं त्याला. होतात का रे, म्हटलं. 'अगदी बरोबर बसले, साहेब' म्हणाला."

"मलाही तसंच म्हणाला होता," डॉक्टर म्हणाले.

"मलाही," वकील म्हणाले.

एकाच माणसाच्या पायाला आठ, नऊ आणि दहा हे तिन्ही नंबर अगदी बरोबर कसे बसतात, अशी शंका समितीच्या त्या टेबलाभोवती कोणाला आली नाही. मला आली, पण मी इतिवृत्त लिहीत होतो. इतिवृत्त लिहिणाऱ्याने ऐकायचं असतं, शंका घ्यायची नसते. सत्तावीस वर्षं मी टेनिस क्लबच्या ऑफिसात बसतो आणि या एका पथ्यावर माझी नोकरी टिकून आहे.

"त्यालाच विचारलं तर?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या. त्या नव्या होत्या.

तिघंही एकदम ओरडले. मग सरप्राइज काय राहिलं? नोकरीला तीस वर्षं पूर्ण होताहेत माणसाच्या, सत्कार करायचाय, खोलून दाखवायचाय समोर खोका, आणि आधीच जाऊन नंबर विचारायचा? डॉक्टर तर दुखावलेच. "बाई, मी हाडांचा डॉक्टर आहे. पाय मला कळतात."

बाईंनी मग पेन्सिल घेतली. आठ, नऊ आणि दहा यांची बेरीज सत्तावीस, भागिले तीन. उत्तर पूर्णांकात आल्यामुळे सगळ्यांनाच ते पटलं. मी लिहिलं: "सत्कारमूर्तींच्या बुटांचा नंबर सर्वानुमते नऊ ठरला. खरेदी डॉक्टरसाहेब स्वतः करतील."

सत्कारमूर्ती त्या वेळी खिडकीबाहेर, तीन नंबरच्या कोर्टवर पाण्याची नळी धरून उभा होता.

त्याला क्लबात सगळे भिंत म्हणतात. मार्कर ही त्याची नोकरी. म्हणजे ज्या सभासदाला सकाळी जोडीदार मिळत नाही त्याच्याशी समोरून खेळायचं, आणि खेळायचं असं की सभासदाला घाम यावा पण राग येऊ नये. हे दिसतं तितकं सोपं नाही. डॉक्टरांना चेंडू उजव्या हाताला कमरेइतका उंच लागतो. वकिलांना प्रत्येक चौथा चेंडू जिंकावा लागतो, नाहीतर ते कोर्टच्या खडबडीत मातीबद्दल तक्रारअर्ज देतात. ठेकेदारांना पळायचं नसतं, पण आपण पळालो असं वाटायला हवं असतं. भिंतीकडे या सगळ्यांचा हिशोब तोंडपाठ. कुठूनही मारा, चेंडू परत येणार, आणि तुम्हाला हवा तिथेच येणार. म्हणून भिंत. वय पंचावन्न, अंगाने काटकुळा, गुडघे सायकलच्या पेडलासारखे सदा हलते. सभासदांना तो "साहेब" म्हणतो आणि मला "भाऊसाहेब". मी त्याला अरे-तुरे करतो, कारण आम्ही दोघं एकाच किटलीतला चहा पितो.

सत्कार झाला. हार झाला, भाषणं झाली, खोका उघडला. बूट खरोखरच देखणे होते: निळे, बाजूला केशरी पट्टा, आणि तळाला मातीच्या कोर्टसाठी असते तशी माशाच्या काट्यासारखी नक्षी. डॉक्टरांनी आग्रह करून तिथल्या तिथे घालायला लावले. भिंत खुर्चीवर बसला, नाड्या ओढल्या, उभा राहिला. डॉक्टरांनी वाकून बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं आणि सभेकडे वळून म्हणाले, "बघा! बोटांपुढे जागा पाहिजे म्हणतात ना, ती आहे!"

जागा होती. एक उंदीर संसार थाटेल इतकी होती.

"कसे आहेत रे?" सगळे ओरडले.

"अगदी बरोबर बसले, साहेब," भिंत म्हणाला, आणि टाळ्या वाजल्या.

आता खरं सांगायचं तर हे प्रकरण इथेच मिटलं असतं. घरी नेऊन माळ्यावर टाकले असते बूट. पण त्याच आठवड्यात नवे कोच आले. शिटी गळ्यात, टॅबलेट हातात, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी तुम्हाला आपलं पोट दिसावं. समितीने त्यांना पूर्ण मुभा दिली होती. कोचनी जाहीर केलं, की सभासदांशी खेळणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा होईल. रविवारी सकाळी सात वाजता, अर्धा तास. पास झाला तर कोर्टवर राहील. नाहीतर टोपली.

टोपली म्हणजे चेंडूंची टोपली. ती शेजारी ठेवून एका जागी उभं राहायचं आणि नवशिक्यांच्या रांगेला एकेक चेंडू हळूच टाकून द्यायचा. त्यात पळणं नाही, समोरून खेळणं नाही. पगार तोच. भिंतीला कोणी सांगितलं, की काय वाईट आहे, सावलीत उभं राहायचं, तर तो रॅकेट उचलून कोर्टकडे चालायला लागला.

बुधवारी अकराच्या सुमाराला तो माझ्या ऑफिसात आला आणि दार आतून लावून घेतलं. सत्तावीस वर्षांत त्याने दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"भाऊसाहेब, मला बूट बदलून हवेत."

"रंग आवडला नाही?"

"साहेबांनी दिलेल्या बुटाचा रंग न आवडायला मी कोण? मोठे होतात."

"किती?"

उत्तर न देता तो खाली बसला आणि पायातला जुना बूट काढला. तो डॉक्टरांचा होता, दोन वर्षांपूर्वीचा. मग एक मोजा काढला. आत दुसरा मोजा होता, तोही काढला. मग बुटाच्या टोकात दोन बोटं घालून त्याने हिरवट-पिवळ्या लोकरीचा बोळा बाहेर ओढला. टेनिसच्या चेंडूवर असते ती लोकर. फाटलेल्या चेंडूंचं कातडं सोलून, कात्रीने कापून, आकार देऊन तो ती बुटात भरत होता.

"दहा नंबरला दीड चेंडू लागतो," तो म्हणाला. "नऊला एक. वकीलसाहेबांच्या आठाला काही लागत नाही, पण तो अरुंद. त्यात करंगळी मरते."

त्याच्या पायाचा अंगठा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नख काळं होतं. काळं म्हणजे शाईचा डाग असतो तसं. शेजारच्या बोटाचं नख नव्हतंच.

"अरे, मग तीस वर्षं तू..."

"धावताना थांबलो की पाय बुटाच्या आत पुढे जातो. बूट थांबतो, पाय थांबत नाही. मग बोटं आपटतात." हे त्याने पाऊस पडला की छप्पर गळतं अशा सुरात सांगितलं. "रोजचं खेळणं असतं ते भागतं. पण कोच अर्धा तास आडवं पळवणार. कोचना काय, त्यांना थोडंच माझ्याशी सांभाळून खेळायचंय?"

"पण तू बोलला का नाहीस कधी?"

तो हसला. "बोललो होतो. पहिल्याच वर्षी. एका साहेबांनी बूट दिले. मी म्हटलं, साहेब, जरा मोठे होतात. ते म्हणाले, अस्सं? आणि घेतले परत, दिले माळ्याला. माळ्याचा पाय माझ्यापेक्षा लहान! वर्षभर मी कॅनव्हासच्या फाटक्या बुटांत खेळलो. तेव्हापासून कोणी काही दिलं की आधी 'बरोबर बसले' म्हणतो, मग घालून बघतो. घरची म्हणते, तुमच्या पायांत रोज कोणी ना कोणी साहेब असतात, तुम्ही कधी असता?"

"तुझा नंबर किती मग?"

त्याने बोळा पुन्हा बुटात कोंबला. "ठाऊक नाही," तो म्हणाला. "कधी विकत घ्यायची वेळ आली नाही."

मी सेक्रेटरीबाईंकडे गेलो. साधी गोष्ट होती: क्लबचं एक पत्र, दुकानात अदलाबदल, विषय संपला. बाईंनी इतिवृत्ताची वही मागवली, माझंच अक्षर माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "ठरावात नऊ आहे."

"हो, पण पाय नऊचा नाही."

"ते मी समजू शकते. पण मी नऊच्या ऐवजी दुसरा नंबर मागणारं पत्र कसं देऊ? ठराव दुरुस्त करावा लागेल. पुढची सभा महिनाअखेरीला आहे."

"परीक्षा रविवारी आहे, बाई."

"मग कोचना सांगा, परीक्षा पुढे ढकला."

कोच म्हणाले, परीक्षा समितीच्या ठरावाने ठरलीय. ठराव माझ्याच अक्षरात होता. त्या वहीत माझ्या हाताने इतकं काही लिहिलंय, की एखाद दिवशी तीच वही मला चावायला उठेल हे मला कळायला हवं होतं.

दुकानात फोन केला. दुकानातल्या बाई म्हणाल्या, बिल आणा, दहा दिवसांच्या आत आणा, बूट मातीत घातलेले नकोत. बिल अर्थात डॉक्टरांच्या पाकिटात. म्हणजे ते डॉक्टरांकडे मागायचं, आणि मागायचं तर का मागतोय ते सांगायचं. भिंतीला मी दोन-तीन थापा सुचवल्या. पाय सुजलाय म्हण. नाहीतर शिवण उसवली म्हण. शिवण उसवायला माझ्या टेबलात ब्लेडही होतं.

"नको," भिंत म्हणाला. "सूज म्हटलं तर ते पाय बघायला घेतील. डॉक्टर आहेत. आणि शिवणीचं म्हटलं तर तोच नंबर बदलून आणतील. स्वतः जाऊन."

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांचा खेळ झाल्यावर तो त्यांच्यापुढे उभा राहिला. मी कोर्टच्या बुकिंगची वही घेऊन मागे, म्हणजे ऐकू येईल इतक्या अंतरावर. डॉक्टर बाकावर बसून घाम पुसत होते. खूश होते, उजव्या हाताला कमरेइतके उंच असे चाळीसेक चेंडू मिळाले होते.

"काय रे, नवे बूट कुठायत? परीक्षेला राखून ठेवलेस की काय?"

"साहेब, ते बदलून हवेत. बिल दिलंत तर..."

"का?"

"मोठे होतात."

"मोठे?" डॉक्टर हसले. "अरे, नऊ आहेत ते! माझे दहाचे तुला होतात."

भिंतीने खाली पायातल्या, त्यांच्याच जुन्या बुटांकडे बघितलं. डॉक्टर हसायचे थांबले. त्यांनी टॉवेल मांडीवर ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू गणित सुरू झालेलं मला दिसलं.

"होत नव्हते?"

"मोठे व्हायचे, साहेब."

"किती जोड दिले मी तुला?"

"अकरा."

"अकराही मोठे?"

"अकराही."

"मग बोलायचं नाही? मी दर वेळी विचारलं तुला!"

"तुम्ही विचारलं नाहीत, साहेब. 'होतात ना रे' म्हणालात."

"तेच विचारणं झालं ना!"

"नाही, साहेब," भिंत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. पण "नाही, साहेब" हे दोन शब्द या क्रमाने मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते, आणि डॉक्टरांनीही नसावेत.

डॉक्टरांनी पाकीट काढलं. बिल शोधायला त्यांना फार वेळ लागला, कारण त्यांची नजर पाकिटात नव्हती, भिंतीच्या पायांवर होती. मध्येच म्हणाले, "काढ बूट." भिंतीने काढला. मोजे काढले, बोळा काढला. डॉक्टरांनी तो पाय दोन्ही हातांत घेतला, अंगठा एकदा वर, एकदा खाली केला. भिंत ओठ मिटून उभा. डॉक्टरांनी पाय खाली ठेवला, बिल दिलं, आणि आपली रॅकेट उचलून निघाले. फाटकापाशी मला म्हणाले, "अठरा वर्षं रोज सकाळी हा माणूस माझ्यासमोर खोटं बोलून पळत होता, भाऊसाहेब." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण त्यांनी रागाची बाजू उचलली, लाजेची खाली ठेवली, एवढं मनात टिपून घेतलं.

शनिवारी दुपारी आम्ही दुकानात गेलो. क्लबचा माणूस सोबत हवा म्हणून मी. दुकानातल्या बाई साठीच्या पुढच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी खोका पाहिला, बिल पाहिलं, मग भिंतीकडे वरून खाली पाहिलं आणि नजर खालीच ठेवली.

"नऊ कोणी सांगितलं?"

"समितीनं," मी म्हटलं.

"समितीचा पाय आणलाय का?"

त्यांनी पाय मोजायची लोखंडी पट्टी जमिनीवर ठेवली. भिंत खुर्चीवर बसून पाय पुढे करायला लागला तर त्यांनी त्याला उठवलं. "उभं राहा. बसून खेळता का? बसल्यावर पाय वेगळा असतो, अंगाचा भार पडला की पसरतो. आणि दुपारी आलात ते बरं केलंत, सकाळी पाय आकसलेला असतो. दोन मोजे? एक काढा. खेळताना एकच घालायचा, हा घ्या, जाड."

आधी उजवा, मग डावा. पट्टीवरची सरकती खूण त्यांनी पुढे आणली, बाजूचा चाप लावला, चष्मा चढवला आणि पुन्हा मोजलं.

"साडेसात. डावा केसभर मोठा. आणि पंजा हा एवढा रुंद." त्यांनी बोटांनी अंतर दाखवलं. "लांबीला लहान, रुंदीला पसरट. बदकाचा पाय आहे तुमचा. वाईट नाही, पण नेहमीच्या बुटात बसणारा नाही. लांबी वाढवून रुंदी शोधत राहिलात की बोटं जातात. किती वर्षं खेळताय?"

"तीस."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. आत गेल्या.

पहिला जोड आणला तो पळण्याचा निघाला. बाईंनी स्वतःच तो परत नेला. "हा फक्त सरळ जातो. टेनिसमध्ये माणूस पुढे कमी आणि आडवा जास्त पळतो. बाजू मऊ असली की घोटा मुरगळतो." दुसरा रुंदीला आवळत होता. तिसरा बसला, पण त्याचा तळ सिमेंटच्या कोर्टचा होता, नक्षी उथळ. चौथा नव्हताच. बाई गोदामात गेल्या, कशावर तरी चढल्याचा आवाज आला, काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि त्या एक धुळीचा खोका घेऊन आल्या. बूट करड्या रंगाचे, दोन-तीन वर्षांपूर्वीचे, पट्टा नाही, झळाळी नाही. एखाद्या सरकारी फाइलीला पाय फुटले तर ती अशी दिसेल.

"हे कुणी घेत नाही," बाई म्हणाल्या. "रुंद आहेत म्हणून बेढब दिसतात. घाला. टाच मागे ठोका, मग नाडी. आता त्या भिंतीपर्यंत जा, आडवे."

भिंत भिंतीपर्यंत आडवा पळाला. मोज्यांच्या फडताळापाशी थांबला. खाली बघत उभा राहिला.

"काय?" मी म्हटलं.

"हा असाच असतो का, भाऊसाहेब?"

"कोण?"

"बूट."

बाईंनी टाचेशी बोट घालून बघितलं, पंजा दाबला, अंगठ्यापुढची जागा आपल्या अंगठ्याने मोजली. "असाच असतो," त्या म्हणाल्या. "आता जा, पुन्हा पळा. मला टाच उचलतेय का बघू द्या."

तो चार वेळा पळाला. दोन वेळा पुरेसं होतं.

रविवारी सात वाजता कोर्टच्या बाजूने बाकं भरली होती. माणसाची परीक्षा बघायला माणसं लवकर उठतात. डॉक्टर आले होते, पण लांबच्या बाकावर, पेपर घेऊन. कोचनी मला टॅबलेट दिला: परत आलेल्या चेंडूला हिरवं बटण, चुकलेल्याला लाल.

पहिली दहा मिनिटं मला लालच दाबावं लागलं. चेंडू डावीकडे पडायचा, भिंत निघायचा, आणि त्याची रॅकेट हवेत फिरून जायची. किंवा चेंडू पार तिरका बाहेर. मला वाटलं वय झालं. वकिलांना वाटलं घाबरला. सगळे एकमेकांकडे बघून मान हलवायला लागले. मग तो कोर्टच्या कडेला आला, पाणी प्यायला, आणि स्वतःशीच पुटपुटला, "लवकर थांबतोय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षं हा माणूस अर्धं पाऊल आधी थांबत होता. बुटात पाय घसरणार, पुढचं अर्धं पाऊल घसरण्यातच जाणार, हे त्याच्या गुडघ्यांनी, कमरेने, खांद्याने कधीच धरून ठेवलेलं. सगळं खेळणं त्या घसरण्यावर बेतलेलं. आणि आता पाय घसरत नव्हता. तो थांबायचा तिथे थांबत होता, आणि चेंडू अर्ध्या पावलावर राहत होता. कधी मग भरपाई म्हणून पाऊल जास्त टाकायचा, की चेंडूच्या पलीकडे.

"काका, जुने बूट घालून या हवं तर!" कोच ओरडले. माणूस वाईट नव्हता. "पाच मिनिटं थांबतो मी!"

जुने बूट बाकाखालीच होते, लोकरीसकट. भिंतीने तिकडे बघितलं. खरं सांगतो, माझ्या ओठांवर आलं होतं, घाल रे बाबा, घाल आणि सुटून जा. त्याने बाटली खाली ठेवली आणि कोर्टच्या मध्यावर जाऊन उभा राहिला.

विसाव्या मिनिटापासून हिरवी बटणं सुरू झाली. आधी तीनात एक, मग दोनात एक. शेवटच्या सहा मिनिटांत मी लाल बटणाला हात लावला नाही. कोच त्याला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवत होते आणि करड्या बुटांचा आवाज मातीवर खसखस येत होता, थांबला की एकदम बंद. कोचना घाम आला. डॉक्टर पेपरची घडी करून पुढे सरकले. मग शिटी वाजली.

कोचनी माझ्या हातातून टॅबलेट घेतला. बराच वेळ बघितला.

"शेवट भारी होता, काका," ते म्हणाले. "पण एकूण बघावं लागतं."

"हो," भिंत म्हणाला.

"उद्यापासून टोपली. सकाळची मुलं."

"हो."

बाकं रिकामी झाली. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. चिडलो होतो. कोणावर ते ठरवता येत नव्हतं. समितीवर चिडावं तर तिचं सगळं माझ्याच अक्षरात. म्हणून त्याच्यावरच चिडलो. "तुला कोच सांगत होता. जुने घातले असतेस तर डोळे मिटून पास झाला असतास!"

"झालो असतो," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय, आणखी पाच-सात वर्षं लोकर कापत बसलो असतो." तो नाड्या सोडत होता. "आणि भाऊसाहेब, शेवटची सहा मिनिटं बघितलीत ना तुम्ही?"

बघितली होती. पण टॅबलेटमध्ये ती वेगळी निघत नाहीत.

सोमवारी सकाळी मी बुकिंगची वही घेऊन बाहेर आलो तेव्हा तीन नंबरच्या कोर्टवर मुलांची रांग लागली होती. भिंत टोपलीशेजारी उभा होता आणि एकेक चेंडू हळूच टाकत होता. एक मुलगी सारखी चुकत होती. त्याने रांग थांबवली, तिच्यापुढे उकिडवा बसला, बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं आणि म्हणाला, "किती नंबर?"

"चार. ताईचे आहेत."

"ताईचा राहू दे. तुझा किती?"

मुलीला सांगता येईना. त्याने मान डोलावली. "उद्या आईला घेऊन ये. आईला म्हणावं, दुपारी दुकानात जायचं, आणि उभं राहून मोजायचं."

दोन नंबरवर डॉक्टर आणि वकील खेळत होते. दोघांनाही चेंडू हवे तिथे मिळत नव्हते, त्यामुळे दोघंही एकमेकांवर वैतागले होते. डॉक्टरांचा एक फटका तिरका गेला आणि चेंडू उसळत तीन नंबरच्या पार डाव्या कोपऱ्याकडे निघाला.

भिंत टोपली सोडून निघाला. तीन पावलं आडवी, चौथं पडलंच नाही. रॅकेट चेंडूखाली हलकेच लागली आणि तो जाळीवरून, दोन कोर्टांच्या मधून, डॉक्टरांच्या उजव्या हाताला कमरेइतका उंच गेला. डॉक्टरांनी तो न मारता हाताने झेलला. झेलून तसेच उभे राहिले, काही बोलायचं असल्यासारखे. वकील पलीकडून ओरडले, "चला हो डॉक्टर, सर्व्हिस तुमची!"

भिंत तोवर वळला होता. पुढचा मुलगा रॅकेट दोन्ही हातांनी धरून तयार होता. भिंतीने टोपलीतून चेंडू उचलला, मुलाच्या पायांकडे एकदा बघून घेतलं, आणि टाकला.